मिठाची ओळ

आत्तीच्या गळ्यात गाठ आहे हे कळल्यावर मी दोन याद्या केल्या. एक दवाखान्याची: आधीचे रिपोर्ट, दोन जुनी लुगडी, टॉवेल, वाटी-चमचा, आणि तिची मशेरीची डबी लपवून ठेवणे. दुसरी यादी गाण्याची.

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं होतं. गाठ इथे, आवाजाची नस इथे, दोन्ही एकमेकींना चिकटून. "गाठ साधी वाटते, पण काढावी लागेल," ते म्हणाले. "आवाज बसू शकतो. बहुतेकांचा परत येतो. पण जसाच्या तसा येईल असं मी आत्ता सांगणार नाही."

आत्ती चित्र निरखत बसली होती. मग म्हणाली, "डॉक्टर, पुढल्या ऐतवारी फाटकाचा दिवस हाय. त्येच्या आदी हात लावायचा न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घरचं कार्य आहे तसं." गिरणी, संप, फाटक, गाणं हे सगळं त्यांना सांगायचं तर बाहेर बसलेले पेशंट ओरडले असते. त्यांनी कॅलेंडर बघून पुढच्या आठवड्यातली तारीख दिली.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. उचगावच्या अंगाला पूर्वी एक सूतगिरणी होती, तिथे ती वाइंडिंगला होती. मशीनवर सूत गुंडाळायचं काम. वडीलही त्याच गिरणीत. मी शाळेत जायला लागले होते त्या सुमाराला गिरणीनं वाइंडिंगच्या काही बायकांना एका फटक्यात घरी बसवलं, आणि त्यात आत्ती होती. बायकांना परत घ्या म्हणून सगळ्या खात्यांनी संप केला. लोक फाटकासमोर बसले, आणि बसायचं तर खायचं काय, म्हणून आत्तीनं तिथेच तीन दगड मांडून चूल केली. प्रत्येक घरानं काहीतरी आणून दिलं. त्या चुलीवर रोज झुणका-भाकरी व्हायची.

गाणं त्या चुलीचं आहे. कुणी बसून रचलेलं नाही. आत्ती चुलीपाशी उभी राहून मोठ्यानं विचारायची आणि ज्यानं वस्तू आणली तो ओरडून उत्तर द्यायचा. शेजारी हलगी वाजवणारे मामा होते, त्यांनी त्याला ठेका दिला. ठेका आल्यावर ते बोलणं राहिलं नाही, गाणं झालं.

*चूल मांडली फाटकाम्होरं, सरपान कुठलं गं, सरपान कुठलं?*

*सरपान आमचं, कोपऱ्याच्या घरचं, मोडल्या बाजंचं!*

*सरपान आलं, पेटी कुठली गं, पेटी कुठली?*

*पेटी आमची, बिडीवाल्याची, खिशातल्या खिशातली!*

असं ते पुढे जातं. चूल पेटली, पाणी कुठलं? पाणी आलं, पीठ कुठलं? पीठ मळलं, तवा कुठला? शेवटी चाचीचा बिनदुधाचा चहा येतो, आणि मग आत्ती विचारते, जेवलो, प्यालो, आता उठणार कवा? त्यावर सगळे मिळून ओरडतात, न्हाय उठणार की!

बायकांना परत घेतलं. संप जिंकला. पुढे बऱ्याच वर्षांनी गिरणी कायमची बंद पडली तो भाग वेगळा. तिच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. जुनं लोखंडी फाटक मात्र त्यांनी तसंच ठेवलंय, पार्किंगला उपयोगी पडतं म्हणून. संप मिटला त्या दिवशी दरवर्षी आम्ही त्या पार्किंगमध्ये जमतो. मालक ओळखीचे आहेत, मुहूर्त नसला तर जागा देतात. संपाबद्दल कुठे काही छापलेलं नाही, दगड नाही, पाटी नाही. आमच्या पोरांना आजोबा-आजींबद्दल जे काही माहीत आहे ते या गाण्यातलं. आमचं घर पिठाचं. कुणी नवीन सून आली की तिला पहिल्या वर्षी सांगतात, तू आता तव्याच्या घरची, तव्याला उठायचं.

कारण रीत तशी आहे. प्रश्न आत्ती विचारणार, उत्तर ज्या-त्या घरानं उठून द्यायचं. दुसऱ्यानं द्यायचं नाही.

आणि एका प्रश्नाला उत्तर येत नाही.

*झुणका शिजला, मीठ कुठलं गं, मीठ कुठलं?*

इथे हलगी थांबते. सगळे गप्प. थोडा वेळ तसाच जाऊ देतात, मग मामांच्या मुलाची, आता हलगी तोच वाजवतो, काठी हलगीवर पडते आणि आत्ती पुढचा प्रश्न घेते. मीठ मागल्या आळीतल्या एका घरानं दिलं होतं. त्या घरातला माणूस संप रंगात आला असताना एका सकाळी मागच्या भिंतीवरून उतरून कामावर गेला. त्याची पोरगी तापानं फणफणली होती, औषधाला काही नव्हतं, हे नंतर सगळ्यांना कळलं. पण त्या दिवशी तो आत गेला एवढंच लोकांनी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून मिठाची ओळ म्हणायला कुणी उठलं नाही. त्या घरचं कुणी फाटकाच्या दिवशी पुन्हा आलं नाही.

लहानपणी आम्हाला ती शांतता फार आवडायची. कोण आधी हसतो याची पैज लागायची. आताच्या पोरांना तर कारणही माहीत नाही. गेल्या वर्षी त्या जागी एकानं शिट्टी मारली आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांकडून आल्यावर संध्याकाळी मी आत्तीसमोर कागद घेऊन बसले. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून तांब्याला टेकवला.

"हं. सुरू कर. पहिल्यापासून."

आत्ती लसूण सोलत होती. "काय सुरू कर?"

"गाणं. सगळं. प्रश्न आणि उत्तरं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे."

"मरायला घातलंस व्हय मला?"

"आवाजाचं बोलतेय मी."

तिनं प्रश्न सांगितले. एकामागून एक, न अडता. मी लिहीत गेले. मग म्हटलं, आता उत्तरं.

"ती माझी न्हाईत."

"तुला पाठ आहेत की सगळी."

"पाठ हाईत म्हणून माझी व्हत्यात? शेजारणीचं नाव पाठ हाय मला, म्हणून तिचा नवरा माझा झाला का?"

"आत्ती, अर्धे लोक पुण्याला गेलेत. जे आहेत त्यांना धड आठवत नाही. तू नाही सांगितलंस तर जाणार ते."

"जाईना. जी घरं ईत्याल ती म्हणत्याल. न्हाय आली तर जागा मोकळी सोडायची. मिठाला सोडतोय तशी."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी फोनवरून एकेक घर गाठलं. पुण्याचे, इचलकरंजीचे, कुरुंदवाडला दिलेल्या एक मावशी. मोडक्या बाजेच्या घरच्या नातवानं ऑफिसमधून हळू आवाजात ओळ म्हणून दाखवली, मागे त्याचा साहेब कुणाला तरी झापत होता. चाचीच्या सुनेनं ओळ सांगून वर चहाची कृतीही सांगितली. सगळं जमलं. शाळेच्या ऑफिसात मी वर्षानुवर्षं हेच करते, कुणाचं काय यायचं राहिलंय ते गोळा करणं. दोन दिवसांत गाणं माझ्यापुढे स्वच्छ टाइप होऊन पडलं, आणि मला हलकं वाटलं.

मिठाचा प्रश्न मी गाळला.

त्यात मला काही वावगं वाटलं नाही, हे स्पष्ट सांगते. उत्तर नसलेली ओळ छापून काय करायचं? नवीन पोरांना ती कळत नाही, जुन्यांना ती टोचते. आणि ज्या घरावर ती बेतलीय त्यांच्याही दृष्टीनं बरंच झालं की. भांडण जुनं झालंय, मिटू दे. झुणका शिजल्यावर मी थेट पत्रावळींवर आले. प्रती काढल्या आणि एक आत्तीला दिली.

आत्ती चौथीपर्यंत शिकलेली. बोट फिरवत, पुटपुटत वाचते. झुणक्यापाशी बोट थांबलं, पुढे गेलं, परत मागे आलं.

"मीठ कुठं गेलं?"

"काढलं मी ते. कुणी म्हणत नाही ना."

"कुणी म्हणत न्हाय म्हणून मी इचारतोय न्हवं दरवर्षी!" तिचा आवाज एकदम चढला, आणि लगेच चिरकला. तिनं गळ्याला हात लावला. मग खाली आवाजात म्हणाली, "त्यांनी मीठ दिलतं का न्हाय?"

"दिलं होतं."

"आपण खाल्लं का न्हाय?"

"खाल्लं."

"मग? तू ते काढलंस तर त्यांनी दिल्यालंच न्हाय असं झालं. भिंतीवरनं गेला तेवढंच ऱ्हायलं की त्या माणसाचं."

मी म्हटलं, "पण सगळ्यांना वाटतं तू त्यांना टोमणा मारतेस. ते गप्प राहणं म्हणजे..."

"लोकांस्नी काय वाटायचं ते वाटू दे. ती जागा त्यांची हाय. बसमधी रुमाल टाकून ठेवत्यात तशी." तिनं कागद माझ्या मांडीवर टाकला. "आता नस काय करतीया कुणाला म्हाईत. एकदा त्येचं उत्तर कानावर पडाय पायजे हुतं. बाकी काय न्हाय माझं. तेवढं सांग जा त्यांच्या घरी."

मला वाटत होतं तिला गाणं जायची भीती आहे. तिला भीती होती ती प्रश्न विचारायचा आवाज जायची. उत्तर यायच्या आधी.

त्या घरातला माणूस वारला होता, हे मला माहीत होतं. त्याची बायको होती. ती आणि आत्ती गिरणीत शेजारशेजारच्या मशीनवर. संपाच्या आधी दोघी एका डब्यात जेवायच्या म्हणे. आता बाजारात समोर आल्या तर मान हलवायच्या आणि पुढे जायच्या. इतकी वर्षं तेवढंच. ती आणि लेक अजून त्याच घरात राहायच्या, उचगावातच, कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर. तापानं फणफणलेली पोरगी ती हीच लेक. ती माझ्या वर्गात होती. आता ब्लाउज-ड्रेस शिवते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गाडी तिकडे वळवली. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला कापडाचे गठ्ठे. माझी वर्गमैत्रीण पायानं मशीन चालवत होती. मला बघून पाय थांबला.

"ब्लाउज टाकायला आलीस?"

"नाही. ऐतवारी फाटकाचा दिवस आहे. आत्तीनं बोलावलंय तुमच्या आईला."

तिनं कात्री उचलली आणि उगीच खाली ठेवली. "कशाला? आता समोर बसवून लाज काढायची व्हय? लांबनं काढता तेवढं पुरं न्हाय?"

"तसं नाही गं."

"तसं न्हाय तर कसं? हलगी थांबली की आमच्या घरात सगळं थांबतंय, म्हाईत हाय तुला? स्पीकर हितं सरळ ऐकू येतो. मी शाळेत होतो तवापास्नं ऐकतोय. ताप मला आलता. माझ्यापायी आप्पा आत गेलते. दरवर्षी तुमी सगळी गप बसता आणि मी हितं मान खाली घालून बसतो."

माझ्या पर्समध्ये तो टाइप केलेला कागद होता, तो दाखवून काही उपयोग नव्हता.

आतून आवाज आला. "कोण आलंय गं?"

"पिठाच्या घरची," लेक म्हणाली. मला ते ऐकून चमत्कारिक वाटलं. इतक्या वर्षांत फाटकाला एकदाही न येता तिला आमचं घर गाण्यातल्या ओळखीनंच माहीत होतं.

म्हातारी दारापाशी आली. बुटकी, जाड चष्मा, गुडघ्यांना पट्टे. चौकटीला धरून उभी राहिली. मी आत्तीच्या गाठीचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं, आवाजाचंही. आणि आत्ती काय म्हणाली तेही, बसमधल्या रुमालासकट. जसंच्या तसं. मला निरोप बदलून सांगता येत नाहीत.

तिनं चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाली, "आमचे हे म्हणायचे."

"काय?"

"ओळ. तिकडं तुमची हलगी थांबली की हिकडं गच्चीवर हे म्हणायचे. हळू. मला एकटीला ऐकू यावं असं. 'मीठ आमचं, मागल्या आळीचं, मूठ भरून दिल्यालं.' मग तिकडं परत हलगी सुरू व्हायची. हे म्हणायचे, बघ, माझं ऐकून सुरू केली."

लेक तिच्याकडे बघत राहिली. "मला कवा सांगितलं न्हाईस."

"तू तवा दार लावून बसायचीस." मग माझ्याकडे वळून, "ते गेल्यापास्नं मी म्हणतो. हितंच. बसल्या जागी."

मी विचारलं, "मग येणार ना?"

"बघू," ती म्हणाली. आमच्याकडे 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. मी घरी आले आणि आत्तीला एवढंच सांगितलं की निरोप दिला. गच्चीचं सांगितलं नाही. ते तिनं माझ्याकडून ऐकणं मला बरोबर वाटेना. रात्रीचा स्वयंपाक करताना मात्र आमटीत दोनदा मीठ पडलं.

ऐतवारी चारला खुर्च्या आल्या. मी माइक, पाणी, चहा, आत्तीला टेकायला उशी असं सगळं बघत होते. कार्यालयात सातला साखरपुडा होता, त्याआधी पार्किंग मोकळं करून द्यायचं होतं, त्यामुळे माझी नजर सारखी घड्याळावर. कागदांचा गठ्ठा मी पिशवीतून बाहेरच काढला नाही. लोक आले. पुण्याचे दोघं-तिघं मुद्दाम आले, आत्तीचं कळलं म्हणून. आत्तीनं गळ्याला मफलर गुंडाळला होता, उकडत असूनही. मी दर थोड्या वेळानं फाटकाकडे बघत होते. स्कूटरी येत होत्या, मीठ येत नव्हतं.

आत्तीनं सुरुवात केली तेव्हा आवाज नेहमीचाच लागला. खणखणीत. एकेक घर उठलं, आपलं उत्तर देऊन बसलं. कोपऱ्याच्या घरचा नातू मोडल्या बाजेला असा ओरडला की लोक हसले. पिठाला मी उठले. माझा आवाज भसाडा आहे, मी ओळ म्हटली की हलगीवाले मामा त्यांच्या काळी तोंड वळवून हसायचे, आता त्यांचा मुलगा हसतो. कांद्यापर्यंत आल्यावर आत्तीचा आवाज थोडा घोगरा झाला. तिनं पाणी प्यायलं. मिरची झाली. बेसन झालं.

*झुणका शिजला, मीठ कुठलं गं, मीठ कुठलं?*

हलगी थांबली.

मागे दोन-तीन पोरांनी टाळ्या सुरू केल्या. पुण्याहून आलेल्या एकानं वळून "श्श" केलं. शांतता नेहमीपेक्षा लांबली. मामांच्या मुलानं आत्तीकडे बघितलं, काठी उचलली. आत्तीनं हात वर करून त्याला थांबवलं. साडेपाच वाजून गेले होते. मीच आता पुढे घ्या म्हणून खूण करणार होते, एवढ्यात शेवटच्या रांगेच्याही मागे, लावलेल्या गाड्यांच्या आडून, प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज आला.

ती कधी आली होती कुणास ठाऊक. लेकीनं एका बाजूनं धरलं होतं. उठायला तिला इतका वेळ लागला की सगळे वळून बघायला लागले. ओळखणाऱ्यांनी ओळखलं. कुणीतरी "अगं बया" म्हणालं. मग ती उभी राहिली, एक हात कुणाच्या तरी स्कूटरवर टेकून, आणि म्हणाली. गायली म्हणता येणार नाही, ठेक्यात बोलली.

*मीठ आमचं, मागल्या आळीचं, मूठ भरून दिल्यालं!*

हलगी पडली. पण आत्ती पुढचा प्रश्न घेईना. ती नुसती बघत होती. ठेका दोनदा फिरला, तिसऱ्यांदा फिरला. शेवटी मामांच्या मुलानंच आठवण केली, "आत्ती, पत्रावळ, पत्रावळ!"

"म्हाईत हाय मला," आत्ती माइकमध्येच म्हणाली, आणि सगळं पार्किंग हसलं.

गाणं संपल्यावर आत्ती उठून गाड्यांच्या रांगेमागे गेली. मी चहाचे कप घेऊन मागे. मला वाटलं आता रडारड होणार, म्हणून रुमालही घेतला होता.

"उशीर केलास," आत्ती म्हणाली.

"गुडघं दुखत्यात."

"इतकी वर्सं?"

"तुजा गळा इतकी वर्सं दुखत न्हवता न्हवं? तरी कवा हाक मारलीस?"

आत्ती तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. दोघी चहा प्यायल्या. लेक माझ्याजवळ येऊन उभी राहिली, डोळे लाल, आणि म्हणाली, "स्पीकर लई मोठा लावता बाई तुमी. कमी करा थोडा." मी म्हटलं, करते. सातच्या आत जागा मोकळी झाली.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. मी बाहेर बाकावर बसले होते आणि माझ्या यादीत करण्यासारखं काही उरलं नव्हतं, ही गोष्ट मला फार जड गेली. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली, म्हणाले, "नस गाठीपासून सुटली व्यवस्थित. गाठ तपासणीला जाईल, पण काळजीचं दिसत नाही." तपासणीचा निकालही तसाच आला, साधी गाठ. तो फोन मला शाळेत आला, तेव्हा मी एका पालकाला दाखल्यासाठी उद्या या म्हणून सांगत होते. फोन ठेवला आणि त्यांना दाखला तिथल्या तिथे करून दिला.

काही दिवस बोलायचं नाही अशी ताकीद होती. आत्तीनं ती पाळली, म्हणजे तोंडानं पाळली. काही हवं असलं की स्टीलच्या ताटलीवर बोटांनी हलगीचा ठेका धरायची. पाण्याचा ठेका वेगळा, चहाचा वेगळा. मिठाच्या घरची लेक रोज पेज घेऊन यायची आणि ब्लाउजांच्या गप्पा एकटीच मारून जायची. डॉक्टरांनी पहिल्यांदा "ई म्हणा" म्हटलं तेव्हा आत्तीच्या तोंडून दार करकरल्यासारखा आवाज निघाला. ती घाबरली. मी त्याहून जास्त. डॉक्टर हसले. "आला. आता रोज थोडा थोडा."

आला तो वेगळाच आला. खालचा, जाडसर, पुरुषासारखा. बोलायला पुरतो, भांडायला तर छान पुरतो. पण लांब ओढायला गेलं की तुटतो. सगळं गाणं तिला आता विचारता येणार नाही, हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "आता तू इचार."

"मी? माझा आवाज ऐकलायस ना?"

"गायचं कुटं हाय? इचारायचंच हाय. दिवसभर तेच की तुजं. काय आलं, काय ऱ्हायलं, कुणाचं यायचं हाय."

"आणि पिठाला कोण उठणार?"

"तुजा ल्योक हाय की. का त्याला पीठ म्हाईत न्हाय?"

म्हणून सध्या आमची तालीम चालते, संध्याकाळी, स्वयंपाकघरात. मी भाजी निवडत विचारते, आत्ती ताटलीवर ठेका धरते. कुठे चुकलं की ठेका थांबतो आणि जाड आवाजात शिवी येते. उत्तरं ती अजूनही देत नाही. प्रत्येक प्रश्नानंतर मी तेवढी जागा सोडते आणि पुढे जाते.

काल मिठापाशी आले. विचारलं, थोडी थांबले आणि पत्रावळीवर गेले. ताटली वाजायची थांबली.

"घाई करू नगंस," आत्ती म्हणाली. "तिला उठाय टाइम लागतोय."